भिडेखातर घेतलेला डबा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्या शिरूर-दौंड भागात ‘पार्टी’ या शब्दाचे तीन अर्थ फार पूर्वीपासून रूढ आहेत. एक पार्टी निवडणुकीची. दुसरी ढाब्यावरची, तिच्याविषयी अधिक बोलायला नको. तिसरी बाजारातली. ‘पार्टी खात्रीची आहे, पैसे बुडायचे नाहीत,’ असे आडत्या म्हणतो, तेव्हा पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. विसावे शतक संपता संपता या तिघींना एक चौथी येऊन मिळाली. ती दुपारी भरायची. पुरुष कामावर, मुले शाळेत, आणि कुणाच्या तरी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर दहा-बारा बायका. मधोमध रंगीत प्लॅस्टिकचे डबे मांडलेले. ‘उद्या आमच्याकडे पार्टी आहे,’ असे घरातली सून पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा कितीतरी सासऱ्यांनी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले असेल.

माझे माहेर शिरूरचे, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत घोडनदीचे, आणि सासर दौंडचे. दोन्हीकडे मी या पार्ट्यांना बसले आहे. मी इतिहास शिकवत असे. इतिहास म्हटला की आपण लढाया आणि तह यांकडे वळतो. आमच्या भागापुरते बोलायचे तर १८७५ च्या दंग्याकडे, जेव्हा भीमथडी आणि शिरूर तालुक्यांतल्या कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. पण पैसा बायकांच्या हातात कोणत्या वाटेने आला आणि कोणत्या वाटेने गेला, याचे रोखे कोणी जपलेही नाहीत आणि जाळलेही नाहीत. म्हणून या डब्यांकडे जरा नीट बघावेसे वाटते.

आधी ही पार्टी चालते कशी ते सांगते. तिच्यात तीन पात्रे. विकणारी बाई, जिच्या घरी पार्टी ती यजमानीण, आणि बोलावलेल्या बायका. विकणारी बाई दुकान मांडत नाही. ती यजमानीणीचे घर आणि तिची ओळख तासाभरासाठी मागून घेते. त्या बदल्यात, जमलेल्या बायकांनी जेवढी खरेदी केली असेल त्या प्रमाणात यजमानीणीला कंपनीची भेटवस्तू मिळते. छापील किंमत आणि विकणारीला पडलेली किंमत यांतला फरक ही तिची कमाई. आणि उठण्यापूर्वी ती एक गोष्ट हमखास विचारते, ‘पुढची पार्टी कुणाकडे?’ या व्यवसायातल्या जाणत्या बायका पार्टी चांगली झाली की वाईट, हे विक्रीवरून ठरवत नाहीत. पुढच्या किती तारखा मिळाल्या, यावरून ठरवतात. एका पार्टीतून दोन तारखा निघाल्या तर धागा चालू राहिला, एकही निघाली नाही तर तो तुटला.

ही पद्धत प्लॅस्टिकच्या डब्यांबरोबर जन्मली असा समज आहे, तो खरा नाही. अमेरिकेत १९३१ साली फ्रँक स्टॅन्ली बेव्हरिज यांनी स्टॅन्ली होम प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. ब्रश, फडकी, साफसफाईच्या वस्तू. मंदीचे दिवस होते. दारोदार फिरून एकेका बाईला ब्रश दाखवण्यापेक्षा एका घरी दहा बायका जमवल्या तर वेळ वाचतो, हे तिथल्या विक्रेत्यांच्या ध्यानात आले आणि घरगुती पार्टी रूढ झाली.

डब्यांची गोष्ट नंतरची. अर्ल टपर नावाचे एक खटपटे गृहस्थ. झाडांची निगा राखण्याचा धंदा १९३६ मध्ये बुडाला, मग प्लॅस्टिकच्या कामात शिरले. तेलशुद्धीकरणातून उरणारा काळपट, वास मारणारा पॉलिथिलीनचा चोथा त्यांनी शुद्ध केला आणि त्याचे हलके, लवचिक भांडे बनवले. रंगाच्या डब्याचे झाकण उलटे करून पाहावे तसे झाकण त्याला बसवले. १९४६ मध्ये टपरवेअर दुकानांत आले आणि तिथेच पडून राहिले. कारण साधे होते. झाकण दाबून आतली हवा थोडी बाहेर काढल्याशिवाय ते घट्ट बसत नसे, आणि हे फळीवरचा डबा सांगू शकत नव्हता. कोणीतरी करून दाखवायला हवे होते.

ते करून दाखवले ब्राउनी वाइझ यांनी. घटस्फोटित, एका मुलाची आई, आधी स्टॅन्ली कंपनीचा माल विकणारी. डब्यात पातळ पदार्थ भरून, झाकण लावून, तो खोलीभर फेकायचा ही तिची युक्ती. तिच्या विक्रीचे आकडे पाहून टपर यांनी १९५१ मध्ये सगळा माल दुकानांतून काढून घेतला आणि फक्त घरगुती पार्टीतून विकायचे ठरवले. वाइझबाई उपाध्यक्ष झाल्या. १९५४ मध्ये ‘बिझनेस वीक’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेली पहिली स्त्री म्हणजे त्याच. आणि जानेवारी १९५८ मध्ये त्यांना काढून टाकले. कंपनीत त्यांच्या नावावर एकही समभाग नव्हता. वर्षभराच्या पगाराइतकी रक्कम हातावर टेकवली, एवढेच. त्याच वर्षी टपर यांनी कंपनी एक कोटी साठ लाख डॉलरना विकली. हजारो गृहिणींना ‘हा तुमचा स्वतःचा व्यवसाय आहे’ असे पटवून देणाऱ्या बाईचा त्या व्यवसायात काडीचाही मालकीहक्क नव्हता, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके वाटते.

भारतात टपरवेअर आले १९९६ मध्ये. ओरिफ्लेम, मोदीकेअर, अ‍ॅमवे याच चार-दोन वर्षांतल्या. पण घरात येऊन विकणारे आपल्याला नवे कुठे होते? कासार दारी यायचा तो एकट्या बाईसाठी नाही. तो एका ओसरीवर बसायचा आणि आळीतल्या बायका तिथे जमायच्या. जुन्या लुगड्यांवर भांडी देणारी बोहारीण तर घासाघिशीत कुठल्याही कंपनीच्या प्रशिक्षकाला ऐकली नसती. १९७२ पासून महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट बायका पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे हप्ते घरोघर जाऊन गोळा करत होत्या आणि त्यावर कमिशन मिळवत होत्या. शिरूरला आमच्या आळीत अशा एक काकू होत्या. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांची छत्री दिसली की बायका डाळीच्या डब्यात हात घालायच्या. भिशी होतीच. म्हणजे दुपारची बैठक, ओळखीवरचा विश्वास आणि हातात वही घेतलेली बाई हे तीनही आपल्याकडे तयार होते. कंपन्यांनी फक्त त्यांत माल भरला.

आणि हळदीकुंकू? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर बायका जमतात, वाण लुटले जाते, आणि अलीकडे त्या वाणात प्लॅस्टिकची डबीच असते. शिरूरच्या विक्रेत्या बायकांनी हे फार लवकर ओळखले. ‘पार्टी’ म्हटले की घरात प्रश्न येतात, ‘हळदीकुंकू’ म्हटले की येत नाहीत. मग पार्टीला हळदीकुंकवाची तबके आली, अत्तर आले. अमेरिकेतल्या पार्टीत बायका बुजू नयेत म्हणून खेळ घेत. त्यांतल्या एका खेळात नवरा विकायला काढल्याची जाहिरात लिहायची असे. आमच्याकडे त्या जागी उखाणे आले. तिकडे नवरा गमतीने विकायचा, इकडे त्याचे नाव यमकात घ्यायचे. दोन्हीकडे त्यानंतर डबेच विकायचे.

पण इथे एक उलटापालट झाली, आणि ती बायकांच्या लक्षात आली नाही असे मला मुळीच वाटत नाही. हळदीकुंकवात घरची बाई देते आणि आलेल्या घेऊन जातात. लग्नघरी कासार बसला तर बांगड्या सगळ्यांनी भराव्यात आणि पैसे घरच्यांनी द्यावेत, ही रीत. या पार्टीत आलेल्यांनी पैसे द्यायचे आणि त्यातून घरच्या बाईला वस्तू मिळायची. वाणाची दिशा फिरली. माझ्या सासूबाईंनी एका पार्टीनंतर एवढेच विचारले होते, ‘म्हणजे आज तिने आपल्याला वाण दिलं, का आपण तिला?’

या व्यवहाराचे इंजिन ज्या एका शब्दात सापडते, तो शब्द मराठीत आहे आणि इंग्रजीत मला अजून भेटलेला नाही. तो शब्द म्हणजे भीड. अमेरिकेत जोनाथन फ्रेन्झेन आणि हॅरी डेव्हिस या दोन संशोधकांनी घरगुती पार्ट्यांतल्या खरेदीचा अभ्यास करून १९९० मध्ये तो प्रसिद्ध केला. यजमानीणीशी नाते जितके जवळचे, तितकी बाई काही ना काही घेण्याची शक्यता जास्त, असे त्यांना आढळले. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधल्या कुठल्याही बाईने हे त्यांना चहाच्या कपावर सांगितले असते. वस्तू आवडली म्हणून घेतली असे नसते. हिने माझ्या मुलीच्या बारशाला पाळणा सजवला होता, हिच्या घरून रिकाम्या हाती कशी उठू, असे असते.

म्हणून सगळ्यांनी भिडेनेच घेतले असेही नाही. दौंड हे जंक्शन. गार्ड, ड्रायव्हर, पहाटेच्या गाडीने पुण्याला जाणारे नोकरदार, सगळ्यांचा दिवस डब्यावर चालतो. ज्या बाईच्या नवऱ्याच्या पिशवीत वर्षानुवर्षे रस्सा सांडला आहे, तिला न गळणारा डबा ही चैन वाटली नाही. तिच्यापुढे ताक भरलेला डबा सतरंजीवर उलटा धरला आणि थेंबही पडला नाही, की पुढचे बोलणे संपलेच. शिरूरला गिऱ्हाईक वेगळे होते. रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली तशी भाड्याच्या फ्लॅटमध्ये नवी पगारदार कुटुंबे आली. सासू गावाकडे, शेजार अनोळखी. त्या मुलींना डब्यापेक्षा दुपारी कुठेतरी जाऊन बसण्याची गरज होती. पार्टीला येण्याचे निमित्त म्हणून त्या डबा घेत, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही.

किमतीवरून मात्र दोन्ही गावांत सारखीच कुरकुर. ‘एवढ्यात स्टीलचा येईल, आणि त्यावर नावही घालता येईल!’ हा नावाचा मुद्दा क्षुल्लक नाही. आपल्याकडे भांडे घरात राहत नाही, ते हिंडते. शेजारी भाजी गेली की भांडे गेले, आणि परत येताना ते रिकामे येत नाही. महाग डबे हिंडेनासे झाले. ‘त्यात नको देऊ गं, साध्यात दे,’ हे वाक्य मी दोन्ही घरांत ऐकले आहे.

आता या व्यवसायाच्या भाषेकडे येते, कारण तिथे बायकांनी जे केले ते मला फार आवडते. कंपन्यांचे शब्द इंग्रजी होते: होस्टेस, डेमो, टार्गेट, डाउनलाइन. त्यांतले काही जसेच्या तसे राहिले, त्यालाही कारण होते. ‘धंदा’ हा शब्द पुरुषाला लावला तर प्रतिष्ठेचा, बाईला लावला तर शिवी. म्हणून नववी शिकलेली बाईसुद्धा ‘मी बिझनेस करते’ असेच म्हणायची. ते इंग्रजीचे वेड नव्हते, ते मराठी शब्दापासून स्वतःला वाचवणे होते. झाकण दाबून हवा काढण्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ ढेकर. इथे तो बरोबर रुजला. ‘डब्याला ढेकर काढ, मग लाव’ असे तान्ह्या बाळासारखे बोलले जाई. पण ‘डाउनलाइन’चे मराठी करायला गेले आणि घोटाळा झाला. ‘ती माझ्या खालची आहे,’ असे एक बाई भर बैठकीत बोलून गेली आणि ती ‘खालची’ महिनाभर तिच्याशी बोलली नाही. आपल्या गावात वरचा-खालचा या शब्दांना काय वास आहे, हे कंपनीच्या पुस्तिका लिहिणाऱ्याला ठाऊक असायचे कारण नव्हते. पुढे ‘माझ्या गटातली’ असा शब्द रुळला. तो बचत गटातून आला असावा, असे मला वाटते.

‘विकणे’ हे क्रियापद तर जवळजवळ बंदच होते. विकत कोणी नसे, ‘दाखवत’ असे. घेणारी गिऱ्हाईक नसे, ‘पाहुणी’ असे. पैसे हा शब्द वहीत यायचा, तोंडात यायचा नाही.

अशी एक वही मी पाहिली आहे. दौंडच्या आमच्या ओळखीतल्या एका बाईंची, शंभर पानी, कव्हर घातलेली. नवऱ्याला रजेचा पगार थांबलेला असताना त्यांनी हे काम धरले आणि दोन मुलांच्या कॉलेजच्या फिया यातून भरल्या, हे मी जवळून पाहिले आहे. वहीत प्रत्येक पार्टीला एक पान. डावीकडे नावे, उजवीकडे तीन खुणा. बरोबरची खूण म्हणजे स्वतःहून घेतले. शून्य म्हणजे घेतले नाही. आणि एक आडवी रेघ. ‘ही कशाची?’ मी विचारले. ‘भीड,’ त्या म्हणाल्या. ‘रेघवालीकडे पुढच्या वेळी जायचं नाही. एकदा भिडेनं घेते, दुसऱ्यांदा रस्ता बदलते.’ कंपनीच्या प्रशिक्षणात त्यांना शंभर नावांची यादी करायला सांगितली होती, नात्यागोत्यापासून सुरुवात करून. त्यांनी यादी केली आणि सख्ख्या नणंदेचे नाव खोडून टाकले. का, ते मी विचारले नाही.

सगळ्यांनी अशी रेघ ओढली नाही. डब्यांच्या पाठोपाठ दुसरी लाट आली, तिच्यात वस्तू नावाला होती आणि ‘प्लॅन’ मुख्य. आता बैठक बाहेरच्या खोलीतून कार्यालयाच्या हॉलमध्ये गेली, बायकांच्या जागी टाय लावलेले तरुण आले, आणि क्रियापद ‘दाखवणे’ बदलून ‘बसवणे’ झाले: ‘आज दोघांना प्लॅनला बसवलं.’ आमच्या नात्यातल्या एका घरी पलंगाखाली गाद्या आल्या, चुंबकाच्या. एक आपल्यासाठी, बाकीच्या विकण्यासाठी. कंपनीचे नाव घेत नाही. गाद्या बरीच वर्षे तिथेच होत्या.

फळ्यावर तेव्हा एक हिशेब मांडत असत. तुम्ही सहा जण जोडा, ते प्रत्येकी सहा जोडतील. सहाचे छत्तीस, छत्तीसचे २१६, मग १,२९६, मग ७,७७६, आणि सहाव्या पायरीला ४६,६५६. हॉलमध्ये टाळ्या पडत. माझ्यासारखी इतिहासाची बाईसुद्धा एवढे गणित करू शकते, की २०११ च्या जनगणनेत दौंड शहरच पन्नास हजारांच्या आसपासचे होते. म्हणजे सहाव्या पायरीला पाळण्यातल्या बाळासकट गावातला प्रत्येक जण विक्रेता होणार. मग डबा घेणार कोण? काष्टीकडून माणसे आणायची का?

कायदा नव्हता असे नाही. पैशाची साखळी फिरवणाऱ्या योजनांवर १९७८ पासून केंद्राची बंदी आहे. अडचण ही, की वस्तू विकणारी प्रामाणिक साखळी आणि माणसे जोडण्याचेच पैसे देणारी साखळी यांच्या मधली सीमा कागदावर नेमकी आखलेली नव्हती. २०१६ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २८ डिसेंबर २०२१ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आले. सभासद होण्यासाठी पैसे घेता येणार नाहीत, पिरॅमिड योजना चालवता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हे सगळे झाले तेव्हा पहिल्या लाटेतल्या बायका आज्या झाल्या होत्या.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मूळ टपरवेअर कंपनीने कर्जापोटी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढे ती सावकारांच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थांच्या हाती गेली. दौंडला ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आली. वहीवाल्या बाई आता सत्तरी ओलांडून गेल्या आहेत, आणि त्यांना फोन येऊ लागले. ‘मावशी, आता झाकण बदलून मिळेल का?’ डबे शाबूत आहेत, झाकणेच हरवतात, किंवा गॅसजवळ ठेवून वाकडी होतात. मावशींकडे बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात सुटी झाकणे साठवलेली आहेत, बोहारणीकडून परत मिळवलेली, पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली, कोणी घर बदलताना देऊन गेलेली. कोणते झाकण कोणत्या डब्याला बसते, ते त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहिलेले आहे. झाकणाचे त्या पैसे घेतात, दहा रुपये.